काही करत नाही तो

कुत्र्यानं पाडल्यानंतर तीन आठवड्यांनी निवृत्त नर्सबाई काठी टेकत पुन्हा बागेत आल्या. मुलगी म्हणाली होती, "आई, गच्चीवरच फिर ना!" त्यांनी ऐकलं नव्हतं. वळणावर तोच दांडगा कुत्रा मोकाट दिसला. "घाबरू नका काकू, काही करत नाही तो!" मालक लांबूनच ओरडला. कुत्रा झेपावला. या वेळी त्या मागे सरल्या नाहीत. काठी टाकून त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टा दोन्ही हातांनी धरला. कुत्रा शेपटी हलवत होता. मालक धावत आला. "सोडा त्याला!" "साखळी आण, मग सोडते." "गाडीत आहे हो." "आण. मला घाई नाही." तो पाय आपटत गेला. या कुत्र्याच्या धास्तीनं रोज बागेबाहेरूनच फेऱ्या मारणारी एक गरोदर बाई घाबरतच आत आली. "तुम्ही बसा, मावशी. मी धरते."