चौथा हात

"ठेव म्हनलं ना तो सदरा! बाहेर ठेव आधी, पोट्टे!"

"नाई ठेवत. तूच म्हनला होता, जायच्या आधी एकडाव खेळू."

"खेळू म्हनलो. हे घरात आन म्हनलो का?"

गोविंदा बॅगेची चेन तशीच उघडी टाकून उठला. उंबऱ्याच्या आत पूनम उभी होती, बापाचा फवारणीचा सदरा छातीशी धरून.

तो सदरा घरात येत नसे. बाप फवारा मारून आला की गोठ्याच्या खिळ्याले टांगायचा आणि कोकिळाबाई, गोविंदा-पूनमची माय, काडीनं उचलून वेगळ्या टोपल्यात धुवायची. पोळ्यानंतर बाप त्याच सदऱ्यात वावरात चक्कर येऊन पडला. दवाखान्यातून परत आला तो नुसता सदरा, पिशवीत घातलेला. मायनं तो न धुताच खिळ्याले टांगला. त्याले कोणी हात लावला नव्हता, आज पूनमनं लावला.

पोरीच्या डोक्यात पिक्चर बसला होता. दादाच्या मोबाईलवरचा, कार्टूनचा. पंक्चर काढणारं एक घर. बाप, माय, पोरगा, पोरगी. चौघांनी एकमेकांचे हात धरले की असा जोर यायचा की पडता पूल जागीच थांबायचा. एक हात सुटला की सगळं गेलं. ते घर ना कोण्या पोथीतलं, ना कोण्या जुन्या पिक्चरातलं. कोणीतरी नुसतं मनानं रचलेलं. बाकीचे हिरो आभाळातून उतरतात, हे मात्र ग्रीसचे हात पँटीले पुसत यायचे. म्हणून पूनमले ते खरं वाटायचं.

"मी, माय, तू. तीनच होते," ती म्हणाली. "तिघांत काईच थांबत नाई."

"काय थांबवतं तू?"

"तुले."

गोविंदा चिडला. चिडला की त्याले बोलणं सोपं जायचं. "वेचनीले बोंडं राह्यली असती तं गेलो असतो का गुजरातेत, कापसाच्या जिनिंगात मरायले? फवारा मारू मारू बाप गेला, अन् अळी हाये तशीच हाये! बीटी म्हने! फवारा लागतच नाई म्हने!"

पूनमनं नुसती एक बाही पुढं केली. "चौथा हात हा. धर."

माय चुलीपासून उठून आली. आता पोरीच्या पाठीत धपका बसणार, असं गोविंदाले वाटलं. पण मायनं सदऱ्याकडे पाह्यलं, पदराले हात पुसले आणि ती बाही धरली.

दुसरी बाही पूनमच्या मुठीत होती. तिचा दुसरा हात गोविंदाकडे आला. मायचाही आला. त्यानं दोन्ही धरले.

मधे सदरा लोंबत होता. कॉलर वाळून कडक झालेली, आणि औषधाचा वास अजून तोच. चौघं तसेच उभे राह्यले. पूनमनं डोळे गच्च मिटले होते, पिक्चरातली पोरगी मिटते तसे.

रस्त्यावर जीप येऊन थांबली. गोविंदाले न्यायले आलेल्या जीपवाल्या नौशादनं हॉर्न मारला.

पहिला हात गोविंदाचा सुटला.

पूनमनं डोळे उघडले. रडली नाही. त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहत राह्यली, माप घेतल्यासारखी.

"मंग तुझाबी शर्ट ठेवून जाय," ती म्हणाली.

गोविंदाचा हात वरच्या गुंडीवर गेला आणि तिथंच राह्यला. नौशादनं परत हॉर्न मारला.

"हात धुवा," गोविंदा म्हणाला. "दोघीबी. साबनानं धुवा, चांगले. मले निंघा लागते आता."