उजवा पाय

“तीन आठवडे झाले आणि सूज होती तेवढीच आहे,” राजकन्येच्या डाव्या घोट्यावर अंगठा दाबत रूपाली मॅडम म्हणाल्या. “मामा, खरं सांगा. पोरीला पळवलंत का?”

राजकन्येचा बाप ग्यानोबा खुर्चीतच पुढं सरकला. लातूरच्या या मॅडम खेळाडूंच्या दुखापती बघत. गोळ्या कमी द्यायच्या, व्यायाम जास्त सांगायच्या आणि रागावायच्या त्याहून जास्त. नांदेडला राज्याच्या खो-खो संघाची निवड चाचणी बारा दिवसांवर आली होती. अठरा वर्षांखालच्या मुलींचा संघ. पुढच्या वर्षी राजकन्या वयात बसणार नव्हती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

“पळवतो कशाला, मॅडम? उंबऱ्याभाईर जाऊ दिली न्हाई,” ग्यानोबा म्हणाला आणि त्यानं सगळं घडाघडा सांगून टाकलं. सकाळ-संध्याकाळ फडक्यात गुंडाळून बर्फ. बोटांपासून वरपर्यंत पट्टी. पायाखाली दोन उशा. औशाचा हाडवैद्य तेल लावून चोळून देतो म्हणत आला, तर त्याला ओट्यावरच चहा पाजून वाटेला लावलं.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. देगलूरच्या सामन्यात खांबाला वळसा घेताना राजकन्येचा पाय मुरगळला, तेव्हा तो तिथंच गर्दीत उभा होता. तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. हाड शाबूत होतं, पण घोट्याचं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. त्या एकट्या पायावर भार पडू द्यायचा नाही, एवढं एकच मॅडमनी बजावलं होतं.

मॅडमनी आता पोरीकडे मोर्चा वळवला. “तू सांग गं. काल दिवसभर काय काय केलंस?”

राजकन्या बापाकडे बघेना. “सकाळी बर्फ लावला. मग सरजामावशीला पाय लावला. मग तिच्या जावेला. मग चन्नबसप्पा अण्णाला. दुपारून अजून चार-पाच जण.”

“पाय लावला म्हणजे?”

इथं मात्र ग्यानोबाचा चेहरा खुलला. “पायाळू हाय ना ती, मॅडम! जल्मली तवा पाय आधी बाहेर आले. कुणाच्या पाठीत उसण भरली की हिनं तीनदा पाय लावायचा, माणूस सरळ झालाच म्हणून समजा. सध्या सोयाबीनची काढणी चालू हाय. लोकांच्या कमरा धरून ऱ्हायल्यात. आधी ही सदा मैदानावर, कुणाला घावायची न्हाई. आता घरीच हाय, तर समदा गाव येऊन ऱ्हायलाय.” मॅडमच्या कपाळावरची आठी त्याला दिसली तसा तो घाईनं म्हणाला, “पर ते उजव्या पायानं लावायचं असतंय. दुखऱ्या पायाला म्या कुणाला बोट लावू दिलं न्हाई.”

“आणि उजवा पाय उचलल्यावर ती उभी कशावर राहते, मामा?”

ग्यानोबाची नजर पोरीच्या सुजलेल्या डाव्या घोट्यावर गेली.

रोजचे सात-आठ जण. प्रत्येकाला तीनदा. एका हातानं चौकट धरून, ओठ घट्ट मिटून उभी राहिलेली पोरगी त्याच्या डोळ्यांपुढं आली. थोरामोठ्यांना पाय लावला म्हणून लगेच वाकून त्यांच्या पाया पडणारी. ओठ मिटते ती मनोभावे, असं तो आजवर समजत आला होता. लोकांना कौतुकानं सांगतही होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बोलली का न्हाईस गं माय?”

“तुमी आधीच समद्यांना व्हय म्हणून बसायचा, आबा. दारात आलेल्याला मी माघारी कसं धाडू?”

मॅडमनी नवी पट्टी बांधली. “चाचणीच्या दोन दिवस आधी आणा. तोवर हा पाय सांभाळला तर बघू. शब्द मात्र देत नाही.”

संध्याकाळी बापलेक गावी परतले. रिक्षा दाराशी थांबली. ग्यानोबानं तिला खाली पाय टेकवूच दिला नाही. दोन्ही हातांवर उचलली. राजकन्या काही आता कडेवरची राहिली नव्हती, खो-खो खेळून अंगानं भरलेली. उंबरा ओलांडताना त्याच्या पाठीत सणकन काहीतरी अडकलं. कशीबशी तिला खाटेवर ठेवली आणि तो होता तसाच वाकून राहिला. श्वास आत जाईना, बाहेर येईना.

राजकन्येनं ओळखलं. जन्मभर हेच बघत आली होती. भिंत धरून ती उठायला लागली. “आबा, पाठ करा इकडं. एकदाच लावते.”

खरं सांगायचं तर त्याला ते हवं होतं. फार हवं होतं. त्या पायावरचा त्याचा विश्वास अजून तसूभरही हलला नव्हता. तीन हलके स्पर्श आणि तो ताठ उभा राहिला असता.

“बस खाली,” तो कण्हत म्हणाला. वाकल्या वाकल्याच त्यानं दोन्ही उशा ओढल्या आणि तिच्या डाव्या पायाखाली सरकवल्या.

तेवढ्यात बाहेरून चन्नबसप्पाचा आवाज आला. “ग्यानोबा! कालचं उतरलं न्हाई बघ. पायाळू हाय ना घरी?”

भिंतीला धरून, अंगाची कमान झालेला ग्यानोबा दारापर्यंत गेला. दोघेही कमरेवर हात ठेवून, वाकूनच एकमेकांपुढं उभे राहिले.

“पायाळू न्हाई,” ग्यानोबा म्हणाला. “घरी खेळाडू हाय.”