नाव नसलेले तवे

"आता हे ऐका," वाहिद माईकवर म्हणाला आणि त्यानं ग्रामोफोनच्या पेटीवर आणखी एक तवा ठेवून सुई टेकवली. कव्वाली सुरू झाली. निंबाला टांगलेल्या भोंग्यातून ती घाटंजीच्या बाजारापर्यंत गेली.

लग्न कोणाचंही असो, गावात भोंगा वाहिदचाच. आज मात्र तो न बोलावता आला होता. मुंबईत गिटार वाजवून नाव काढलेला धर्मपाल दसऱ्याला वस्तीत आला होता आणि विहाराच्या पायाची पहिली वीट त्याच्या हातानं बसणार होती.

"ह्या तव्यावर धर्मपालभाऊचं नाव नाही," वाहिद सांगत होता. "मघाच्या लावणीवर होतं काय? नव्हतं. गाणाऱ्याचं नाव मोठ्ठं, वाजवणारा गेला उकिरड्यावर! पण मी भाऊचा हात वळखतो. गिटारचा तुकडा सरला का एक बारीक आवाज येते. भाऊच्या सोताच्या तव्यांवर येते, अन् ह्या बिननावाच्या तव्यांवर बी येते. ऐका!"

गिटार थांबली. किण.

टाळ्या पडल्या.

"सुई खराब असन तुही!" मागून कोणी ओरडलं.

"सुई बदलून पाह्यली, लेका. आता तुहे कान बदल."

मानाच्या खुर्चीत धर्मपाल हसत होता. खुर्ची एकच होती. त्याची बायको कांताबाई बायांमध्ये खाली बसली होती.

"काहून रे धर्मा," त्याची म्हातारी चुलती रुखमाबाई म्हणाली, "वाजवून नाही दाखवत? आमी काय तवेच ऐकावं?"

"गिटार मुंबईलेच राह्यली, काकू. गाडीत तारा बिघडतात."

"अन् बायको बरी नाही राह्यली मुंबईले! रेकॉर्डिंगले बी नेतं म्हणे तिले."

"तिच्याबिगर माहा सूर लागत नाही."

बाया फिदीफिदी हसल्या. "बाईलवेडा!"

कांताबाई हसली नाही. रुखमाबाईनं तिचा हात ओढून पाहिला. "अवं, मुंबईत बी कापूस वेचतं काय वं? बोटाच्या शेंड्याले घट्टे पाह्य कसे! अन् बांगड्या हातभर. शहरातल्या बाया काढून ठेवतात म्हणे."

"कोणी बी सांगो," कांताबाई म्हणाली, "नवरा जित्ता असताना मी नाही काढत." तिनं हात सोडवून घेतला आणि पदराखाली लपवला.

तेवढ्यात वाहिदनं पुढचा तवा लावला. कौतुकाच्या भरात त्यानं गाणं कोणाचं आहे तेही पाहिलं नाही. त्याला फक्त गिटार ऐकवायची होती. गाणं कळंबच्या चिंतामणीचं होतं. ओळीओळीला गणपती.

टाळ्या बंद झाल्या. मध्ये गिटारचा तुकडा आला, गोड, लांब. तो सरला.

किण.

"बंद कर," वस्तीचे पुढारी पंजाबराव म्हणाले.

छप्पन साली हेच पंजाबराव सगळ्या वस्तीला दीक्षेसाठी नागपूरला घेऊन गेले होते. वाहिदनं घाईघाईनं सुई उचलली, तवा काढला, खोक्यात घातला.

"गौरी-गणपतीले मानणार नाही, अशी शपथ घेतली आपण," पंजाबराव बोलू लागले. "म्या घरचे देव ह्या हातानं नदीत सोडले. माय काठावर बसून रडत होती. अन् तू त्याच गणपतीसाठी तार छेडून राह्यला? उभा राह्य, धर्मपाल. हा हात तुहा हाय का? नसन, तर नाही म्हन, अन् कोणाचा हाय ते सांग. तुहा असन, तर वीट दुसरा ठेवन. अन् तुह्या घरचं पाणी ह्या वस्तीत कोणी पिणार नाही."

वाहिद धर्मपालच्या कानाशी येऊन कुजबुजला, पण ते पंजाबरावांपर्यंत ऐकू गेलं. "नाही म्हण, भाऊ. मी सांगतो, सुईच खराब होती."

धर्मपालनं मागे वळून पाहिलं. कांताबाई उठून उभी राहिली होती.

"मामंजी, मी सांगते," ती पंजाबरावांना म्हणाली.

"तू बस," धर्मपाल म्हणाला.

ती बसली.

"हात माहा हाय," धर्मपाल पंजाबरावांना म्हणाला. "पोटासाठी वाजवलं. चुकलो. पुन्हा नाही वाजवणार."

पोटासाठी कोणाच्या दारात काय काय वाजवावं लागलं, ते तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. लग्न त्यांचं, वाजवणारे आपण, आणि जेवायला पत्रावळ उकिरड्याजवळ. वर मेलेलं ढोर ओढायलाही आपणच. त्या गावानं कधी कोणाची माफी मागितली नाही. आणि हा पोरगा भरसभेत मागत होता.

पंजाबरावांचे डोळे भरून आले.

"नाही म्हणला असता तर सुटला असता," ते म्हणाले. "हा वाहिद तर खोटं बोलाले तयारच होता. पण पोरगा खरं बोलला! अरे, पंचशील रोज म्हणता, त्यात हेच हाय ना, खोटं बोलणार नाही म्हणून? गणपती म्या माफ केला. वीट धर्मपालच ठेवन. अन् वाहिद, माईक इकडं आण. खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज गावाले ऐकू दे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुखमाबाईनं पदरानं डोळे पुसले. माईक पायाच्या खड्ड्याशी उभा केला. धर्मपाल उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढे केला. वीट द्यायला बायकोला बोलावलं. कांताबाई आली. माईकच्या अगदी जवळून तिनं वाकून वीट नवऱ्याच्या हातात दिली. हिरव्या बांगड्या मनगटावर घसरल्या.

निंबावरच्या भोंग्यातून आवाज आला. किण.

वाहिदनं दचकून पेटीकडे पाहिलं. तिच्यावर तवा नव्हता.