भक्कम कुलूप
आग विझवायचा लाल सिलिंडर घानातल्या कुमासीच्या कापडबाजारातून दोनदा चोरीला गेला, बाजाराचा परवाना अडला, तेव्हा कापड विकणारी सेरवाच तावातावानं म्हणाली होती, “साखळीनं खांबाला जखडा, कुलूप भक्कम घ्या.” अग्निशमनाच्या साहेबानं परवाना दिला, किल्ली राणीआईकडे, म्हणजे बाजारातल्या बायकांच्या म्होरकीकडे राहिली. आज शनिवार, अंत्यविधींचा वार; राणीआई सेरवाकडूनच घेतलेलं काळं कापड नेसून परगावी गेलेली, आणि शेजारच्या शिंप्याची कोळशाची इस्त्री चिंध्यांवर कलंडली. नळ कोरडे. शिंपी दगडानं कुलूप ठेचू लागला. सेरवानं फोन लावला. पलीकडे ढोल घुमत होते. “राणीआई, किल्ली कुठंय? आग लागलीय.” “कोण, सेरवा? अगं, तुझ्या कापडाचं सगळ्यांनी कौतुक केलं. ढोलांत काही ऐकू येईना, मागनं बोल.” फोन बंद झाला. ज्वाळा सेरवाच्या छपराला भिडल्या. शिंपी दगड टाकून तिच्याकडे न बघता म्हणाला, “कुलूप चांगलं निवडलंस, ताई.”