पहिला घोट कुठे

"पहिला थांबा कार्मेलचा द्राक्षमळा," जॅनीनने नकाशावर बोट आपटलं. "दुपारी जेवण, चार घोट वाइन तुला. मग बिग सरचा कड्यांवरचा रस्ता मी चालवते."

"कार्मेल?" ऑरिन हॉगलंड म्हणाले. "तोवर मी जगलो नाही तर?"

त्यांना एक्याऐंशीवं चालू होतं. सांताक्रूझच्या या घरात ते एकटे राहत. लेक जॅनीन महिन्यातून एकदा सॅक्रामेंटोहून यायची. या जूनमध्ये ती एक काम काढून आली होती: वडिलांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घ्यायची. कायमची. फेब्रुवारीत त्यांनी गाडीने शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केली होती. पुढच्या वेळी समोर टपालपेटीच असेल, याची खात्री कोण देणार?

सरळ मागायची तिची छाती नव्हती. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस! म्हणून ही समुद्राकाठची सहल. मळ्यांतली रीत अशी, की जो चाखतो तो चालवत नाही. किल्ली दुसऱ्याकडे जाते आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. एकदा हातात आली की जॅनीन ती परत देणार नव्हती.

"कोरालिटोसला थांबू," ऑरिननी चष्मा पुसत सुचवलं. "अर्ध्या तासावर आहे."

"इतक्या लवकर?"

"नाहीतर आपल्या कोपऱ्यावरच. वाइन चाखायचं दुकान अकराला उघडतं. चालत जाऊ, चाखू, मग निघू."

"डॅड, सकाळी अकराला? रोज घ्यायला लागलायस का?"

"नाक बघ ना. लाल दिवा झालाय."

ती हसली नाही. कचरा टाकायच्या निमित्ताने मागच्या दारी जाऊन तिने बाटल्यांचा डबा उघडला. दुधाच्या बाटल्या, आलुबुखाराच्या रसाच्या बाटल्या. बाकी काही नाही. म्हणजे पीत नव्हते. मग ही घाई कसली? कोपऱ्यावर चाखलं तर तिचं काम आणखी सोपं होणार होतं; तरी तिला खुर्चीत धड बसवेना. नकाशाची घडी तिने तिसऱ्यांदा चुकीची घातली.

शेवटी तिलाच राहवेना. "असं करू. मॉन्टेरेपर्यंत तू चालव. सरळ रस्ता आहे, समुद्र उजव्या हाताला. चाखणं त्यानंतर."

एवढं तरी त्यांना मिळावं, असं तिला वाटलं.

"नको," ते झटकन म्हणाले. "आधी घोट."

"अरे, पण तुला आवडतं ना चालवायला?"

"आवडतं की. टोमॅटोला पाणी घालायचं राहिलंय. कोपऱ्यावरच्या दुकानात मी सकाळीच संगणकावरून नोंदणी करून टाकलीय. तिचा कागद तेवढा छापून घे." आणि ते बागेत सटकले.

जॅनीनने संगणकावर ती नोंदणी उघडली. वेळ अकरा. माणसं दोन. चाखणारा एक: ऑरिन हॉगलंड. गाडी चालवणारी: जॅनीन. खाली 'आम्हाला काही सांगायचंय?' असा चौकोन होता. लोक तिथे शेंगदाणे चालत नाहीत वगैरे लिहितात. ऑरिननी लिहिलं होतं:

'लायसन्स मी मार्चमध्येच स्वतः जाऊन परत केलं. पेला भरण्याआधी माझ्या मुलीसमोर माझ्याकडून किल्ली काढून घ्या, जरा दरडावूनच. मला गाडी चालवायला मिळावी म्हणून तिने ही सहल आखलीय. तिचा हिरमोड माझ्याच्याने होणार नाही.'