एकमत

“व्यक्तिमत्त्व विकार,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. “मूळ स्वभावच तसा. काय, सगळ्यांचं एकमत?”

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. एक तेवढी हलली नाही. ती धाकट्या डॉक्टरीणबाईंची.

विषय होता शिवणकारखान्यातल्या एका बाईचा. तिचा नवरा तिथेच मशीनमध्ये सापडून गेला. आठवडा उलटायच्या आत मुकादमाने तिला कामावर बोलावलं, तर तिने त्याच्या खोलीच्या काचा फोडल्या. तेव्हापासून ती इस्पितळात आणि तिची चार वर्षांची मुलगी अनाथाश्रमात. दुःखाचा धक्का म्हटलं, तर मायलेकी घरी जाणार. व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं, तर मुलगी कायमची परक्यांकडे जाणार.

“गेल्या महिन्यात त्या मास्तरांनीही बायको गेल्यावर शाळेच्या काचा फोडल्या होत्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांना आपण दुःखाचा धक्का म्हणून घरी पाठवलं.”

“मास्तरांची गोष्ट वेगळी. सभ्य माणूस. ही नुसती आरडाओरडा करते. त्यांच्या लोकांत बायका असतातच तशा, त्याला आपण काय करणार?”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण वैद्यकाच्या पुस्तकात नसते, पण पाठ सगळ्यांना असते. डॉक्टरीणबाई त्याच लोकांतल्या. रंग तोच, काळा; मास्तर आणि टेबलाभोवतीचे बाकी सगळे गोरे. बोलण्यातले हेल मात्र त्यांनी शिकता शिकता घासून काढले होते. आज ते सगळे परत आले.

“नवरा मेलाय तिचा! ओरडेल नाहीतर काय गाणी म्हणेल?”

त्यांचा हात टेबलावर आपटला. पाण्याचा पेला कलंडला.

कुणीतरी रुमालाने पाणी टिपलं. मोठे डॉक्टर पुढे झुकले आणि रोग्यांसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणाले, “हे असं कधीपासून होतंय तुम्हाला?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडावं तर तो पुरावा, गप्प बसावं तर तोही पुरावा. बाईंना भीती वाटली, नोकरीची, नावाची. त्या भीतीची त्यांना लाजही वाटली. पण भीती जास्त होती.

त्या हसल्या. “झोप नीट झाली नाही, सर. सॉरी. माझंही एकमत आहे.”

मोठे डॉक्टर प्रसन्न झाले.

“मी सगळ्यांना सांगतो ना,” ते म्हणाले, “तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही.”