सोळा नंबरचा ब्लाउज

“पाठीला हात लावायचा नाही,” क्रोगरबाई म्हणाल्या. “गळा तसाच, खांदे तसेच. बाईला दिवस गेले म्हणून काही तिचे खांदे रुंदावत नाहीत. वाढतं ते पुढे.”

नेल्डा व्हानेकने मान डोलावली. शाळा सुटली होती. तळघरातल्या शिवणखोलीत दोघीच होत्या. टेबलावर ब्लाउजचा कागदी पॅटर्न पसरला होता आणि त्याचा पुढचा भाग नेल्डा खालून वर कापत चालली होती.

“छातीपाशी थांब. आता पंख्यासारखं फाकव. मधे जी फट पडली, तिच्याखाली दुसरा कागद चिकटव. आणि काठ पुढून दोन बोटं जास्त ठेव. नाहीतर पोटावर वर चढतो नि सगळ्या गावाला बातमी देतो.”

“असं शिवलं तर कुठवर लपतं, बाई?”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “कुणासाठी म्हणालीस?”

“मावशीसाठी.” नेल्डाचे कान लाल झाले. “आणि बाही वाढवायची तर कोपराच्या वरून की खालून?”

“दोन्हीकडून थोडी थोडी,” बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष पॅटर्नच्या पाकिटाकडे होतं. सोळा नंबर. नेल्डा म्हणजे काडी. बारा नंबरही तिला सैल व्हायचा. गेल्याच आठवड्यात बाईंनी तिला बजावलं होतं, पोट वाढणार म्हणून मोठा नंबर आणू नकोस, नंबर जुन्या अंगाचाच घ्यायचा. दिवस गेलेल्या नवख्या पोरी हमखास हीच चूक करतात. घाबरलेल्या माणसाला शिकवलेलं आठवत नाही.

शिवाय व्हानेकांच्या पोरीला मावशी एकच होती, आणि ती ओमाहाच्या मठात नन होती.

“नेल्डा, मला काही सांगायचंय का तुला?”

“आत्ता नाही, बाई. शुक्रवारी सांगते.” ती हसली आणि कागद गुंडाळू लागली.

शुक्रवारी वर्षअखेरचा पोशाखांचा कार्यक्रम होता. मुली आपापले शिवलेले कपडे घालून स्टेजवर यायच्या, क्रोगरबाई मधे उभ्या राहून एकेकीचं नाव पुकारायच्या, आणि पहिल्या रांगेत शाळामंडळ बसायचं. त्यानंतर नेल्डाच्या हातात शाळेचा दाखला पडणार होता. कॉलेजची शिष्यवृत्तीही तिला मिळालेली. तिलाही शिवणाची बाईच व्हायचं होतं.

क्रोगरबाईंवर मुलींचा जीव होता. दरवर्षी पहिल्या तासाला मापं घ्यायला शिकवताना त्या कुणा मुलीला पुढे बोलवत नसत. एखादी जाडी असायची, एखादी सपाट. उगाच हसू व्हायचं. त्या स्वतःच टेबलावर चढायच्या आणि टेप मुलींच्या हातात द्यायच्या. “घ्या माझीच मापं, लिहा फळ्यावर. आणि हात बघा, माकडासारखे! विकतची एक बाही पुरेल तर शपथ.” मुली पोट धरून हसायच्या आणि मापं शिकायच्या.

त्या दिवशी घरी जाताना बाईंनी खणातलं एक खारं बिस्किट तोंडात टाकलं आणि स्वेटरची बटणं लावली. तळघर गार म्हणून मे महिन्यातही त्यांचा स्वेटर उतरला नव्हता.

दोन दिवस त्यांनी विचार केला. पोरीला पाठीशी घालावं, तर उद्या सगळं उघड होणार. ब्लाउज कुणाच्या खोलीत शिवला, हेही उघड होणार. तिसऱ्या दिवशी त्या वर हेडमास्तरांकडे गेल्या.

“आपणहून सांगितलंत, बरं केलंत,” हॅगस्ट्रॉम म्हणाले. “नियम सगळ्यांना सारखा. दिसायला लागलं की घरी. मग पोरगी असो की मास्तरीण.”

“तिच्या आईला जरा हळू सांगा.”

“ते आमच्यावर सोडा.”

त्यांनी नेल्डाला बोलावलं. ब्लाउज कुणाचा, एवढंच विचारलं. तिने तोंड उघडलं नाही. तिची आई आली, रडली, दंडाला धरून हलवून हलवून विचारू लागली, तरी नाही. न सांगणं म्हणजेच सांगणं, असं हॅगस्ट्रॉम म्हणाले. डॉक्टरची गरजच उरली नाही. गुरुवारी नेल्डाचं नाव कमी झालं, शिष्यवृत्ती गेली. तेव्हापासून सगळं गाव व्हानेकांच्या घराकडे पाहत राहिलं. क्रोगरबाईंकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि ते त्यांना बरंच वाटलं.

शुक्रवारी, कार्यक्रमाच्या आधी, मार्वा लिंड धावत तळघरात आली. वर्गात नेल्डाच्या शेजारी बसणारी ती. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“बाई, हे नेल्डाच्या खणातलं. तुम्ही स्टेजवर जायच्या आधीच द्यायचं ठरलं होतं आमचं.”

आत तो ब्लाउज होता. निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. एक शिवण वाकडी नव्हती.

“बटणं आम्ही लावली, एकेकीने एकेक. म्हणून काही तिरकी आहेत. घाला ना, बाई. काढा तो स्वेटर, इथे आपणच तर आहोत.”

बाईंनी स्वेटर पुढून आवळून धरला. मग मार्वानेच स्वेटर उतरवला. स्कर्टचा हुक लागत नव्हता, तिथल्या सेफ्टीपिनेकडे तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि ब्लाउज त्यांच्या अंगावर चढवला. सोळा नंबरचे खांदे त्यांना चोख बसले. बाही मनगटापर्यंत आली. पुढचा काठ पोटावरून सरळ खाली उतरला.

“बघा! पहिल्या रांगेतूनसुद्धा कळायचं नाही कुणाला.” मार्वा खालचं बटण लावायला वाकली. “चहाडी कुणी केली देव जाणे. पण नेल्डाने शेवटपर्यंत तुमचं नाव घेतलं नाही, बाई.”